चोचीतला घास

शनिवारी दुपारी चार वाजता आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात मुलांचा वाचनाचा तास असतो. 'आमच्या' म्हणायचं ते आपलं सवयीनं. मी काही तिथं राहत नाही. पण गेली सात वर्षं दर शनिवारी जाते म्हटल्यावर आमचीच म्हणायची की! घरचं जेवणखाण आवरायचं, ओटा पुसायचा, पिशवीत दहा-बारा पुस्तकं टाकायची आणि स्कूटर काढायची. उन्हाळा असो, पंचगंगेला पूर आलेला असो, पोरं वाट बघत असतात. पुस्तकांची बघतात की शेवटी मिळणाऱ्या शेंगदाण्याच्या लाडवाची, हे मी कधी खोलात जाऊन विचारलेलं नाही.

त्या शनिवारी एक दहा वर्षांचं पोरगं उशिरा आलं. गळ्यात गलोल आणि मुठीत एक होला. पंख लोंबत होता, मान कलंडली होती, पण डोळा अजून उघडा होता. "काकू, शिकार!" असं म्हणून त्यानं मूठ माझ्यापुढं धरली. चेहऱ्यावर केवढा आनंद! बाकीची पोरं पुस्तकं टाकून त्याच्याभोवती गोळा झाली. कुणी म्हणालं भाजून खाऊ, कुणी म्हणालं मला पीस दे.

मैत्रिणींनो, माझ्या जिभेवर पहिल्यांदा काय आलं असेल? तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या येतं तेच. "मुक्या जिवाला मारू नये, पाप लागतं." पण मी गिळलं. कारण पाप लागतं म्हटल्यावर त्यानं मान खाली घातली असती आणि रविवारी दुसरा होला पाडला असता. मी होला हातात घेतला, फडक्यावर ठेवला, दोन थेंब पाणी चोचीला लावलं. त्यानं घेतलं नाही. थोड्या वेळानं तो गेला.

मग मला शाळेतली एक कविता आठवली. 'केवढे हे क्रौर्य!' आपल्यातल्या कितीतरी जणींनी ती पाठ केली असेल. मी ती म्हणून दाखवली नाही, गोष्टीसारखी सांगितली. एक पक्षीण पिल्लांसाठी चारा आणायला गेलेली. शिकाऱ्यानं तिला घायाळ केलं. ती पडते, पुन्हा उठते, पुन्हा उडते. कारण चोचीत घास आहे आणि घरट्यात पिल्लं आहेत. कशीबशी घरट्यापर्यंत पोचते आणि तिथं प्राण सोडते.

समाजमंदिरात गलका चालू होता, तो थांबला. गलोलवाल्यानं विचारलं, "मग पिल्लांचं काय झालं?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यानं गलोल गळ्यातून काढून खिशात घातली. फेकून दिली असं मी सांगणार नाही, कारण त्यानं फेकली नाही. खिशात घातली एवढंच.

दाराच्या उंबऱ्यावर एक आजी बसतात. नातवाला सोडायला येतात आणि पदराखाली तंबाखू मळत शेवटपर्यंत ऐकतात. त्यांचेही डोळे भरले होते. म्हणाल्या, "वैनी, कुणी लिवलंय हे?"

"रेव्हरंड टिळकांनी."

"रेव्हरंड म्हंजे?"

"ख्रिस्ती धर्मोपदेशक. आधी ब्राह्मण होते, नंतर ख्रिस्ती झाले."

आजींचा चेहराच बदलला. पदर सावरत उठल्या. "म्हंजे बाटल्याला माणूस! आमच्या पोरास्नी त्याचं कशापायी सांगतायसा?" आणि नातवाचं बखोट धरून निघून गेल्या. लाडूही घेऊ दिला नाही.

घरी आले, पण मन थाऱ्यावर नव्हतं. आजींचा राग आला नाही, कारण खरं सांगायचं तर तो प्रश्न माझ्याही मनात कुठंतरी होताच. धर्माचा प्रसार करायला निघालेल्या माणसानं मुलांसाठी लिहिलेलं आपण आपल्या मुलांना द्यावं का? मी तेवीस वर्षांपूर्वी बी. ए.ला मराठी घेतलं होतं. कपाटाच्या वरच्या फळीवरची जुनी पुस्तकं काढली, काही वाचनालयातून आणली आणि दोन महिने दुपारची झोप बंद करून बसले. त्यातून जे हाती लागलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटतं.

मुलांसाठी वेगळी पुस्तकं लिहायची ही कल्पना तशी फार जुनी नाही. इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीच्या काळात अशा पुस्तकांचं पेवच फुटलं आणि त्यातली कितीतरी बायकांनी लिहिली. त्यातल्या एक मार्गारेट गॅटी. जन्म १८०९ चा. यॉर्कशायरमधल्या एक्लसफील्ड गावच्या धर्मोपदेशकाची बायको. घरात मुलांचं लेंढार, पगार बेताचा, आणि तब्येत नाजूक. १८४८ मध्ये आजारपणानंतर हवापालटासाठी समुद्रकाठी गेल्या आणि वेळ घालवायला म्हणून समुद्रातलं शेवाळ गोळा करायला लागल्या. त्या नादाचा पुढं असा अभ्यास झाला की १८६३ मध्ये त्यांनी ब्रिटनच्या समुद्री शेवाळांवर मोठा सचित्र ग्रंथच काढला. त्यात प्रस्तावनेतच बायकांना सल्ला दिला आहे की शेवाळ शोधायला जाताना घोट्याच्या खाली येणारे घोळदार झगे घालू नका आणि पायात पुरुषांसारखे दणकट बूट घाला. त्या काळातल्या धर्मोपदेशकाच्या बायकोनं असं छापून सांगायचं म्हणजे केवढं धाडस!

याच बाईंनी १८५५ पासून मुलांसाठी निसर्गातल्या बोधकथा लिहिल्या. त्यातली पहिलीच गोष्ट मला फार आवडली. एक फुलपाखरू कोबीच्या पानावर अंडी घालतं आणि मरताना जवळच्या सुरवंटाला सांगतं, माझी पिल्लं सांभाळ. बिचाऱ्या सुरवंटाला कळेना की फुलपाखराच्या पिल्लांना भरवायचं काय. तो चंडोल पक्ष्याला विचारतो. चंडोल सांगतो, ती पिल्लं तुझ्यासारखीच सुरवंट असतील आणि कोबीचं पानच खातील. आणि तू स्वतःही एक दिवस फुलपाखरू होशील. सुरवंटाचा विश्वासच बसत नाही. शेवटी अंडी फुटतात आणि चंडोलाचं म्हणणं खरं निघतं. बाईंना त्यातून सांगायचंय की मरणानंतरचं जीवन आपल्याला दिसत नाही म्हणून ते नाही असं समजू नका. ते कुणाला पटेल, कुणाला नाही पटणार. पण कोबीचं पान, अंडी, अळी, फुलपाखरू हे सगळं डोळ्यांनी बघून लिहिलेलं आहे.

अशाच दुसऱ्या बाई शार्लट टकर. या 'ए. एल. ओ. ई.' या आद्याक्षरांनी लिहायच्या. त्याचा अर्थ 'इंग्लंडमधील एक स्त्री' एवढाच. स्वतःचं नावही नाही! वडील ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष होते. बाईंनी मुलांसाठी ढीगभर पुस्तकं लिहिली. एकात उंदीर स्वतःची भटकंती सांगतो, तर एकात मधमाश्या बोलतात. आणि १८७५ मध्ये, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, जेव्हा बायका माळ ओढत बसतात, तेव्हा या भारतात आल्या. हिंदुस्थानी शिकल्या, पंजाबात अमृतसर आणि बटाला इथं पडद्यातल्या बायकांना भेटत राहिल्या, इथल्या भाषांत उतरवता येतील अशा गोष्टी लिहीत राहिल्या. १८९३ मध्ये इथंच वारल्या. मला पुरताना शवपेटी नको आणि खर्च पाच रुपयांवर नको, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

आता आपल्याकडं बघू या. आपल्या कोल्हापुरात वायल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये आले. त्यांच्या नावाचं चर्च आपल्याकडं आहे. तिकडं बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' लिहून विधवांची दुःखं मांडली. अमेरिकन मिशनचं 'बालबोधमेवा' हे मुलांचं मासिक १८७० नंतरच्या दशकात निघालं. आणि १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओकांनी 'बालबोध' सुरू केलं. ओक ख्रिस्ती नव्हते, शिक्षण खात्यातले होते. त्यांच्या मासिकात कविता असे, थोर माणसाचं चरित्र असे, विज्ञानाची माहिती असे आणि उपदेश तर असेच असे. म्हणजे त्या काळी मुलांसाठी लिहायचं तर चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या, हे सगळ्यांनीच धरून चाललं होतं. मिशनऱ्यांनी येशूचं नाव घेऊन सांगितलं, ओकांनी सदाचाराचं नाव घेऊन.

या सगळ्यात नारायण वामन टिळक वेगळे कसे ठरले?

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. वडील तापट, आई मायाळू. आई लहानपणीच गेली आणि या मुलानं घर सोडलं. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडं संस्कृत शिकले. १८८० च्या सुमाराला नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी लग्न झालं. ती अकरा-बारा वर्षांची. तीच पुढं लक्ष्मीबाई टिळक. हे गृहस्थ कवी, कीर्तनकार, वक्ते, आणि एका जागी न टिकणारे. आज या गावी, उद्या त्या गावी. हातात पैसा आला की समोरच्या गरजवंताला देऊन मोकळे. बाजारात पाठवावं एका वस्तूला आणि घरी यावी भलतीच. असा नवरा ज्यांच्या नशिबी आलाय, त्यांना वेगळं सांगायला नको!

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाची गाठ पडली. त्यानं बायबलमधला 'नवा करार' हातात ठेवला. टिळकांनी वाचायला घेतला आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. दोन वर्षं मनात घालमेल चालली होती. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढं नगरला अमेरिकन मिशनमध्ये शिकवू लागले, 'बालबोधमेव्या'साठी लिहू लागले, १९१२ पासून 'ज्ञानोदय'चा मराठी विभाग सांभाळू लागले.

त्यांना आपण 'फुलांमुलांचे कवी' म्हणून ओळखतो. 'वनवासी फूल' या दीर्घ कवितेत तर कवी आणि रानातलं फूल यांचा संवादच आहे. मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. टिळक ख्रिस्ती झाले, पण अभंग सोडला नाही, कीर्तन सोडलं नाही. 'अभंगांजली' त्यांनी ज्ञानोबा-तुकोबांच्याच चालीवर लिहिली. आणि फुलापाखरांवर लिहिताना उपदेशकाचा झगा दाराबाहेर काढून ठेवला. त्या घायाळ पक्षिणीच्या कवितेत कुठल्या धर्माचं नाव नाही. शिकाऱ्याला नरकाची भीती घातलेली नाही. फक्त चोचीतला घास दाखवलाय. म्हणून तर शंभर वर्षांनंतरही ती कविता ऐकून एका पोराला पिल्लांचं काय झालं असेल याची काळजी लागते.

टिळकांच्या घरात आणखी एक पाखरू येऊन राहिलं होतं. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं, त्यात सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या मुलानं सगळ्यांना थक्क केलं आणि 'बालकवी' ही पदवी मिळवली. टिळकांनी या मुलाला नगरला आपल्या घरी आणलं. निसर्गाचं वेड दोघांनाही, आणि लक्ष्मीबाई त्याची आईच झाल्या. मराठीतली फुलं, झरे, पाखरं यांच्या कितीतरी कविता या घराच्या आसपास वाढल्या. ५ मे १९१८ रोजी बालकवी भादलीजवळ रेल्वेखाली सापडून गेले. वय अवघं सत्तावीस. आणि बरोबर एका वर्षानं, ९ मे १९१९ ला, मुंबईत जे. जे. रुग्णालयात टिळक गेले.

पण मैत्रिणींनो, मी वाचत गेले आणि माझं लक्ष कवीवरून हळूहळू कवीच्या बायकोकडं वळलं. आपलं असंच होतं. थोर माणसाचं चरित्र वाचताना आपल्याला प्रश्न पडतो, तेव्हा घरात चूल कोण पेटवत होतं?

लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याचं वेड लागलेले. त्या वेडात मुलींचं बालपण गेलं. शाळा कधी पाहिली नाही. वाचायला शिकवलं ते नवऱ्यानंच. आणि त्याच नवऱ्यानं एक दिवस तिला विश्वासात न घेता धर्म बदलला! तिच्या पायाखालची जमीनच गेली. नवरा जिवंत, कुंकू कपाळावर, पण नवऱ्याच्या घरात पाऊल ठेवायचं नाही. लहानग्या दत्तूला घेऊन ती पंढरपूरला राहिली. लोक काय बोलले असतील याची कल्पनाच केलेली बरी. काही वर्षं अशी ताटातुटीत गेली. मग ती नवऱ्याकडं गेली, ती मात्र स्वतःच्या अटीवर. स्वयंपाकपाणी वेगळं, सोवळंओवळं चालूच. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. जातीपातीचा भ्रम तिचा तिलाच विचार करून करून गळून पडला आणि १९०० मध्ये तिनं बाप्तिस्मा घेतला. पुढं या बाईनं कीर्तनं केली, अनाथ मुलं वाढवली. टिळकांचं 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं होतं; शाळा न पाहिलेल्या या बाईनं त्याचे चौसष्ट अध्याय लिहिले. आणि 'स्मृतिचित्रे' लिहून ठेवलं. १९३४ पासून त्याचे भाग निघाले, १९३६ मध्ये त्या गेल्या. मराठीतलं इतकं खरं आणि इतकं हसरं आत्मचरित्र दुसरं दाखवा. ज्या नवऱ्यानं एवढं रडवलं, त्याच्यावर हसत हसत लिहिलंय. त्याच्या चुका झाकल्या नाहीत आणि त्याचं मोठेपणही नाकारलं नाही.

पुढच्या शनिवारी आजी येतील असं वाटलं नव्हतं. नातू आला, आजी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारी मात्र आल्या. उंबऱ्यावर नाही, बाहेर पायरीवर पाठ करून बसल्या. मी मुलांना टिळकांच्या बायकोची गोष्ट सांगायला घेतली. त्या बाजाराच्या फजित्या ऐकून पोरं खिदळली. मी मुद्दाम आवाज थोडा मोठा ठेवला. ताटातुटीपाशी आले आणि वेळ संपली.

पोरं लाडू घेऊन पळाली. आजी पायरीवरच. म्हणाल्या, "पुढं काय झालं त्या बाईचं?"

"पुढच्या शनिवारी सांगते."

"आत्ता सांगा की. पुढल्या शनवारी मी हाय का न्हाई कुणी बघितलंय!"

मग मी बसले आणि सांगितलं. त्या मध्येमध्ये विचारत होत्या. तिच्या आईबापानं काय केलं? पोराला कुणी चिडवलं का? नवऱ्याकडं गेली तेव्हा पाणी कुणाच्या हातचं प्याली? मी म्हटलं, "सुरुवातीला वेगळंच ठेवलं होतं तिनं. तिचं तिला पटलं, तेव्हा सोडलं."

"म्हंजे तिला टाइम दिला त्यानं."

"हो. दिला."

आजी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आमी न्हाई दिला."

आणि मग त्यांनी जे सांगितलं, ते मी इथं फार लिहिणार नाही. त्यांची धाकटी लेक. नऊ वर्षांपूर्वी दुसऱ्या धर्मातल्या मुलाशी लग्न करून गेली. मोठ्या भावानं दार लावलं, आणि आईनं ते उघडलं नाही. लेकीला दोन मुलं आहेत असं कुणाकडून तरी कानावर आलंय. थोरलं पोरगं या नातवाएवढंच असेल, असा आजींचा हिशोब. म्हणून शनिवारी नातवाला सोडायला आल्या की उठवत नाही. तेवढं कुठलंही पोर दिसलं की वाटतं, आपलं असंच असेल.

"तुमी ती पाखराची गोष्ट सांगितली ना वैनी, मला वाटलं, ती पक्षीण मी न्हवं. मी गलोलवाली."

माझ्याजवळ बोलायला काही नव्हतं. मैत्रिणींनो, आपण समाजकार्य करतो म्हणजे आपल्याजवळ प्रत्येक गोष्टीवर उत्तर असतं असं लोकांना वाटतं. मी एवढंच म्हटलं की १९१९ मध्ये, म्हणजे टिळक गेले त्याच साली, आपल्याच शाहू महाराजांनी या करवीर संस्थानात आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदा केला होता. आजी म्हणाल्या, "महाराज मोठं मानूस. कायदा करून मोकळं झालं. आमाला शेजार-पाजार हाय."

खरंच आहे की! शेजारपाजार लक्ष्मीबाईंनाही होता. तो ओलांडायला त्यांनाही वर्षं लागली.

मी घरी येऊन विचार करत होते. आजींच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला आता देता येईल का? धर्माच्या कामाला लागलेल्या माणसाचं लिखाण मुलांना द्यावं का? मला वाटतं, त्याच्या हातात काय आहे ते बघावं. गॅटीबाईंची पुस्तकं चाळताना मला जाणवलं की त्यातला पाठ द्यायचा भाग आता कंटाळवाणा वाटतो. गरीब मुलानं मुकाट्यानं सोसावं, देव बघतोय, असल्या गोष्टी त्या काळात खूप लिहिल्या गेल्या, आणि त्या वस्तीतल्या मुलांपुढं वाचायला मला लाज वाटेल. उपाशी पोराला 'सोस' असं सांगणारी मी कोण? पण कोबीच्या पानावरची अंडी खरी आहेत. टिळकांची पक्षीण खरी आहे. जिथं लिहिणाऱ्यानं आधी नीट बघितलं आणि मग लिहिलं, तिथं त्याचा धर्म आड येत नाही. उलट कधीकधी त्याच्या श्रद्धेमुळंच ते बघणं इतकं प्रेमाचं झालेलं असतं, हेही मान्य केलं पाहिजे.

या शोधाचा एक फायदा मुलांनाही झाला. गॅटीबाईंचा सुरवंट मी त्यांना सांगितला. पण इथं कोबी कुठं लावायचा? मग माझ्या परसातली कढीपत्त्याची कुंडी नेऊन समाजमंदिराच्या पायरीवर ठेवली. कढीपत्त्यावर आणि लिंबावर एक काळं-पिवळं फुलपाखरू अंडी घालतं. मोहरीहून लहान, पिवळसर मोत्यासारखं अंडं. त्यातून निघालेली अळी पहिल्यांदा हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणजे पाखरानं खाऊ नये म्हणून निसर्गानं केलेली युक्ती. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. आपण बायका दिसली की चिमट्यानं उचलून फेकतो. मुलांनी तिला फेकू दिलं नाही. अर्धी कुंडी तिनं फस्त केली, माझ्या आठ दिवसांच्या फोडण्या बिनकढीपत्त्याच्या झाल्या. मग ती काटकीला कमरेभोवती धागा बांधून कोष झाली. पुढं दहा-बारा दिवसांनी एका सकाळी कोष फुटला. गलोलवाला त्या दिवशी शाळा बुडवून पायरीवर बसला होता. ओले पंख वाळेपर्यंत त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. मी त्याला काही बोधबिध सांगितला नाही. सांगायला लागले असते तर तो उठून गेला असता.

आणि आजी?

मागच्या महिन्यात एका दुपारी त्या माझ्या घरी आल्या. पहिल्यांदाच. चहा घेतला, बशीत ओतून. मग कनवटीचा एक कागद काढला. कॅलेंडरचं फाडलेलं पान, मागं पेनानं लिहिलेला मोबाइल नंबर. घड्या पडून पडून शेवटचे दोन आकडे पुसट झाले होते. "हे वाचून लावून द्या," म्हणाल्या. "माज्या फोनवरनं नगं, पोरगा बघतोय."

एक आकडा तीन आहे की आठ, ते कळेना. तीन लावून बघितलं, तर कुठल्यातरी पिठाच्या गिरणीचा माणूस बोलला. आठ लावल्यावर रिंग गेली. पलीकडून बाईचा आवाज आला, "हॅलो? कोण बोलतंय?"

आजींनी फोन कानाला घट्ट धरला. ओठ हलले, पण शब्द नाही. पलीकडून पुन्हा "हॅलो, हॅलो". मला वाटलं, ठेवतील आता. तेवढ्यात आजींनी घसा खाकरला आणि एवढंच विचारलं,

"पोरं जेवली का?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून भांडी घासत बसले. घासलेलीच भांडी होती ती.